रिकाम्या टाक्यांचा अहवाल

आयडा हॅलवर्सनला वॉशिंग्टनहून फोन आला तेव्हा ती, विस्कॉन्सिनमधल्या एका दूध संघाची व्यवस्थापक, संघाच्या तपासणीच्या खोलीत एका शेतकऱ्याची समजूत घालत होती. त्याच्या दुधाला आठवडाभर फॅट कमी लागत होतं आणि यंत्रच बिघडलंय या म्हणण्यावर तो अडून बसला होता. आयडाने त्याच्यासमोर तिसऱ्यांदा नमुना लावला, आकडा दाखवला, आणि मग फोन घेतला. पलीकडून एक तरुण मुलगी अदबीने बोलत होती. नव्या राष्ट्राध्यक्षांची इच्छा होती की मिसेस हॅलवर्सन यांनी परदेशी मदत खात्यात आशिया विभागाचं सहायक प्रमुखपद स्वीकारावं.

हे राष्ट्राध्यक्ष म्हणजे विस्कॉन्सिनचे माजी गव्हर्नर हॉइट. त्यांच्या पहिल्या सभेला अकरा माणसं आली होती, आणि त्यातली सात आयडाने गाडीत घालून आणली होती. पक्षाचं जिल्ह्यातलं काम ती पंचवीस वर्षं बघत होती. गुडघाभर बर्फातून घरोघर फिरली होती, फिरताना एकदा हात मोडून घेतला होता. हॉइट ते विसरले नव्हते.

तिचा नवरा रोलंड गोठा धुवत होता. त्याने नळ बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"परदेशी मदत?" तो म्हणाला. "अगं, तू परदेशात गेलीस ती फक्त कॅनडात. तीही मासे धरायला."

"म्हणून तर बोलावतायत. कुणाशी ओळख नाही, कुणाशी भांडण नाही."

"आणि इकडच्या साठ गायी?"

"त्या तुझ्या आहेत. गेल्या दहा वर्षांत मी धार काढलीय का कधी?"

रोलंडने थोडा विचार केला आणि नळ पुन्हा सोडला. "रोज फोन करायचा," तो पाठमोराच म्हणाला. "जेवणाच्या आधी. नंतर मला झोप येते."

सिनेटच्या समितीपुढे तिची मुलाखत झाली. विरोधी पक्षाच्या एका सिनेटरने चष्म्यावरून बघत तिला परदेशातला अनुभव विचारला. तिने कॅनडा आणि मासे हे दोन्ही सांगितलं. सभागृह हसलं, तोही हसला. त्यानंतर ती म्हणाली की आपण तीनशे शेतकरी कुटुंबांचा पैसा आणि राग एकोणीस वर्षं सांभाळला आहे, आणि माणसं सगळीकडे साधारण सारखीच असावीत असा तिचा अंदाज आहे. चार मतांच्या फरकाने नेमणूक मंजूर झाली.

खात्यातले कायमचे कर्मचारी अशा नेमणुकीवर आलेल्यांना आपापसात 'चार वर्षांचे पाहुणे' म्हणत. पाहुण्याला खुर्ची द्यायची, त्याचं ऐकून घ्यायचं, आणि तो गेला की चादर बदलायची. आयडाला हे पहिल्या आठवड्यातच कळलं, कारण स्वच्छतागृहात दोघीजणी बोलत असताना ती आतच होती. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. दूध संघात नवा संचालक निवडून आला की तीही मनातल्या मनात असंच काहीतरी म्हणायची.

तिच्या विभागात सगळ्यात जुना माणूस होता ऑगस्टस पेटिग्रू. सगळे त्याला गस म्हणत. उंच, काळा, वॉशिंग्टनमध्येच जन्मलेला; एकतीस वर्षं नोकरी, त्यातली सहा किरगिझस्तानात. जेवणाचा डबा तो घरून आणायचा आणि खिडकीशी एकटाच बसून खायचा. आयडाही डबा आणायची. दुसऱ्या महिन्यात ती आपला डबा घेऊन त्याच्या टेबलाशी गेली आणि न विचारता बसली. त्याने फायली बाजूला सरकवून जागा करून दिली. त्यानंतर दोघं तिथेच जेवू लागले.

ती कामाला वाघ होती. पहाटे साडेसहाला यायची, ऐंशी पानांचे अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, आणि समजलं नाही की सरळ विचारायची. अवघड शब्दांत पोकळ माल गुंडाळून कुणी आणला की तो तिच्या टेबलावर टिकत नसे. वर्षभरात खात्यातल्या लोकांना तिचा धाक वाटू लागला, आणि काहींना ती आवडूही लागली.

पहिल्या वर्षाच्या शेवटी काटछाटीचा हुकूम आला. प्रत्येक विभागाने आपल्या दहा योजनांतली एक बंद करायची होती. आयडाने सगळ्या फायली मागवल्या. त्यात किरगिझस्तानातल्या नारिन प्रांताची एक योजना होती: आठ गावांत दूध संकलन केंद्रं, प्रत्येकात थंड करण्याची टाकी, आणि शहरातल्या डेअरीपर्यंत दूध न्यायला टँकर. तीन वर्षं खात्याने चालवायचं, पुढे गावांनी. अहवालातले आकडे शेवटच्या तिमाहीचे, म्हणजे जून, जुलै आणि ऑगस्टचे होते. आठही टाक्या जवळजवळ कोरड्या.

असे आकडे आयडाने जन्मभर पाहिले होते. केंद्रावरचा माणूस आळशी असला, किंवा दूध दुसरीकडे विकत असला, की टाकी रिकामी राहते. मग तो कारणं सांगतो. गसने फायलीला एक पान जोडलं होतं, की उन्हाळ्यात तिथली जनावरं माणसांसकट डोंगरावरच्या कुरणात जातात, गावात दूधच नसतं, तेव्हा हे आकडे बघून निर्णय घेऊ नये. आयडाने ते पान वाचलं. तिला त्यात ओळखीचा सूर ऐकू आला.

"गस, तुम्ही तिथे राहिलात, तुमचा जीव आहे तिथे," ती जेवताना म्हणाली. "पण दुधाच्या धंद्यात मला कारणं सांगू नका. कारणं ऐकण्यात माझी हयात गेलीय."

"हे कारण नाहीये, उन्हाळा आहे," गस म्हणाला. "एकदा जाऊन बघा."

"यादी शुक्रवारी द्यायचीय."

गसने डब्याचं झाकण लावलं. तो दुसऱ्यांदा बोलला नाही. वरिष्ठाला एखादी गोष्ट एकदाच सांगायची, ही त्याची एकतीस वर्षांची सवय होती.

योजना बंद झाली. आणि त्यातून आयडाचं नाव झालं. दुधाच्या धंद्यातली बाई आपल्याच धंद्यातली योजना बंद करते, याचं पक्षाला फार कौतुक वाटलं. वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला. राष्ट्राध्यक्षांनी एका भाषणात नाव न घेता तिचा उल्लेख केला आणि रोलंडने तो भाग टीव्हीवर तीनदा पाहिला. सहा महिन्यांत तिला संपूर्ण आशिया विभागाचं प्रमुखपद मिळालं. खात्याचा उपप्रमुख निवृत्त व्हायच्या बेतात होता, आणि त्या जागेसाठीही तिचं नाव चाललंय असं लोक म्हणू लागले.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये ती मध्य आशियाच्या दौऱ्यावर निघाली. किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, मंत्र्यांच्या भेटी होत्या, एका शाळेचं उद्घाटन होतं. मधला एक दिवस मोकळा होता. तिने गसला सोबत घेतलं होतं. "ती दुधाची गावं किती लांब?" तिने विचारलं. तो म्हणाला, गाडीने सहा तास. दूतावासातल्या अधिकाऱ्याने रस्ता खराब असल्याचं सांगून पाहिलं, पण ती विस्कॉन्सिनच्या रस्त्यांवर वाढली होती.

गावात पोचल्यावर सगळ्यात आधी तिला आला तो वास. नुकत्याच व्यालेल्या गायींचा, ओल्या वासरांचा, तापत्या दुधाचा. प्रत्येक अंगणात किटल्या होत्या. एका बाईने बादलीभर दूध वासरांपुढे ओतलेलं तिने पाहिलं. चांगलं, घट्ट, पिवळसर दूध. आयडा गाडीतून उतरून तिथेच थांबली. बाईची परवानगी मागून तिने दुसऱ्या बादलीत पळी बुडवली, वास घेतला, चाखलं. चार टक्क्यांच्या वर फॅट असणार. यंत्राची गरज नव्हती.

केंद्र गावाच्या टोकाला होतं. दाराला कुलूप. किल्ली बुरमाकान नावाच्या बाईकडे होती. सगळे तिला बुरमाकान एजे म्हणत, म्हणजे बुरमाकानताई. साठीची, ठेंगणी, डोक्याला फुलांचा रुमाल. तिने कुलूप काढलं. टाकी आत तशीच होती, पुसलेली, कोरडी, झाकणावर कापड घातलेलं.

मग तिने दोघांना घरी नेलं. चहा झाला, बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणि वाडगाभर साय पुढे आली. तिकडच्या रीतीप्रमाणे बुरमाकान पेला अर्धाच भरायची आणि संपला की लगेच पुन्हा भरायची. गस दुभाष्याचं काम करत होता.

बुरमाकानने आधी पाहुणीची चौकशी केली. गायी किती, मुलं किती. मग विचारलं, "तुमच्या गायी डोंगरावर कधी जातात?"

"आमच्या जात नाहीत. वर्षभर गोठ्यातच असतात."

"वर्षभर?" बुरमाकानने गसकडे बघितलं, त्याने काही चुकीचं सांगितलं की काय अशा नजरेने. "बिचाऱ्या."

गसने तोही शब्द जसाच्या तसा सांगितला.

हळूहळू सगळं कळलं. जनावरं जूनच्या सुरुवातीला वर जातात, सप्टेंबरात उतरतात. खरं दूध मार्चपासून मेअखेरपर्यंत, आणि नंतर थोडं शरदात. त्या तीन महिन्यांत टाकी दिवसातून दोनदा भरायची. बुरमाकानने बेचाळीस घरांना केंद्राला दूध घालायला तयार केलं होतं. एकेका घरी चार-चार वेळा गेली होती, कारण लोकांना परक्यांचा भरवसा नव्हता. जास्तीच्या गायी घ्या, टँकर येत राहील, असं तिनेच सांगितलं होतं. लोकांनी गायी घेतल्या. मग एका हिवाळ्यात टँकर यायचा बंद झाला. का, ते कुणी कळवलं नाही. गावात बोललं गेलं की बुरमाकानने परक्यांकडून काहीतरी खाल्लं आणि गावाला तोंडघशी पाडलं.

"वर्ष उलटून गेलं, शेजारणी माझ्याकडे चहाला येत नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. ती हवेपाण्याबद्दल बोलावं तशी बोलत होती.

आयडाने पेला खाली ठेवला.

"गस, यांना सांगा की ते मी बंद केलं."

गस तिच्याकडे वळला. "तसं म्हणायची गरज नाही, आयडा. खात्याने बंद केलं, एवढं पुरे आहे."

"खात्याने नाही. मी केलं. मी उन्हाळ्यातले आकडे बघितले आणि तुमचं पान वाचून बाजूला ठेवलं. हेही सांगा."

गसने सांगितलं. तिला बोलायला लागला त्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागला, कारण बुरमाकानने मध्येच दोन प्रश्न विचारले. बुरमाकान उठली, चहादाणीत पाणी घातलं, परत येऊन बसली. आयडाला वाटलं आता ती जायला सांगेल.

"हे मला सांगून काय उपयोग?" बुरमाकान म्हणाली. "मला माहीतच होतं की मी काही केलं नाही. चला माझ्याबरोबर आणि हेच त्या बायकांना सांगा. माझ्या तोंडून त्यांना खरं वाटत नाही."

त्यांच्यासोबत आलेला दूतावासातला अधिकारी दारात उभा होता. तो घाईने आत आला आणि आयडाला बाजूला घेऊन म्हणाला की हे कार्यक्रमात नाही. सरकारी माणसाने जमावापुढे चूक कबूल करणं बरोबर दिसणार नाही, त्याचे वेगळे अर्थ काढले जातील. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आयडाने त्याचं शेवटपर्यंत ऐकलं, त्याचे आभार मानले आणि कोट चढवला.

शाळेच्या अंगणात तीसेक बायका आणि दहा-बारा म्हातारे जमले. धार काढायची वेळ जवळ आली होती, त्यामुळे अर्ध्याजणींच्या हातात बादल्या होत्या. आयडाने आयुष्यात शेकडो सभांत भाषणं केली होती, पण त्या सभांमध्ये तिला काहीतरी मागायचं असायचं. इथे मागायचं काहीच नव्हतं. तिने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं. योजना बंद करायचा निर्णय आपला होता आणि तो चुकीचा होता, असं सांगितलं. बुरमाकान एजेला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, तिने कुणाला फसवलं नाही, हे तिने दोनदा सांगितलं. गस एकेक वाक्य मोठ्याने किरगिझमध्ये म्हणत होता.

मागून एका बाईने विचारलं, "मग टँकर परत येणार का?"

"नाही," आयडा म्हणाली. "तो पैसा दुसरीकडे गेला. मी प्रयत्न करेन, पण शब्द देत नाही."

कुजबुज झाली. एक म्हातारा पुटपुटला आणि जवळचे दोघे-तिघे हसले. आयडाने गसकडे पाहिलं.

"तो म्हणतोय, सरकारी बाई प्रथमच 'नाही' म्हणाली, बाकीचे सगळे 'हो' म्हणून जातात."

बायका पांगल्या. एक जाडसर, लाल गालांची बाई मात्र बुरमाकानपाशी गेली. दोघी काहीतरी थोडंसं बोलल्या. त्या बाईने आपली बादली उचलली आणि ती घरी गेली. त्या काय बोलल्या ते गसला ऐकू आलं नव्हतं, आणि आयडाने विचारलं नाही.

परतल्यावर जे व्हायचं ते झालं. कुणीतरी फोनवर ते भाषण टिपलं होतं. बिश्केकच्या एका वर्तमानपत्रात आलं, तिथून वॉशिंग्टनला पोचलं. सिनेटच्या समितीत विरोधकांनी तेच वाजवून दाखवलं आणि विचारलं की खात्याच्या आणखी किती योजना अशा न बघता बंद झाल्या. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून तिला कुणी ओरडलं नाही. उपप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा दुसऱ्याच माणसाचं नाव जाहीर झालं, इतकंच. हॉइट एकदा एका समारंभात भेटले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि रोलंडची चौकशी केली. पूर्वी ते थांबून बोलायचे. या वेळी पुढे गेले.

"वाईट वाटतंय?" रोलंडने त्या संध्याकाळी फोनवर विचारलं.

"थोडं. त्या जागेसाठी मी नवीन कोटसुद्धा बघून ठेवला होता."

"घे मग कोट. कोटाला कुठे सिनेटची मंजुरी लागते?"

उरलेलं दीड वर्ष तिने शांतपणे काम केलं. टँकरसाठी तिने तीनदा प्रस्ताव पाठवला, तिन्ही वेळा परत आला. एक गोष्ट मात्र तिच्या अधिकारात होती. तिने आणि गसने मिळून अहवालाच्या नमुन्यात एक नवा रकाना घातला: या महिन्यांत गावात काय चालू असतं? तो भरल्याशिवाय विभागात अहवाल स्वीकारला जात नसे. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. मग उत्तरं यायला लागली. भातलावणी चालू आहे. पुरुष सगळे रशियाला कामाला गेले आहेत. रोजे चालू आहेत. नदीला पूर आहे, पलीकडचे इकडे येऊ शकत नाहीत. आयडा ती उत्तरं आकड्यांच्या आधी वाचायची.

हॉइट दुसरी निवडणूक हरले. नेमणुकीवर आलेल्या सगळ्यांनी राजीनामे लिहून ठेवले, रीतच तशी होती. वीस जानेवारीला दुपारी बाराला तिची नोकरी संपली. गस तिला खालच्या दारापर्यंत सोडायला आला.

"माझ्या नोकरीत तुम्ही नववा पाहुणा," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि काय? डबा खाणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

ती गावी परतली. दूध संघात आता दुसरा व्यवस्थापक होता, तिनेच शिकवलेला, आणि तो काम बरं करत होता. तिने तिथे लुडबुड केली नाही. आठवड्यातून तीन दिवस ती तपासणीच्या खोलीत नमुने लावायला जाऊ लागली, कारण तिथली मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती. पक्षाच्या बैठकांना ती मागच्या खुर्चीवर बसायची.

मार्चमध्ये गसचा फोन आला. नव्या लोकांनी अहवालाचा नमुना आटोपशीर करताना तो रकाना काढून टाकला होता. उगाच वेळ जातो, असं कारण होतं. गस उन्हाळ्यात निवृत्त होणार होता. नारिनकडची काही खबर आहे का, तिने विचारलं. त्याला एवढंच कळलं होतं की शहरातल्या डेअरीची गाडी या वसंतात दोन गावांत जाऊ लागली आहे. त्यात बुरमाकानचं गाव होतं की नाही, ते त्याला सांगता येत नव्हतं. उपप्रमुखाची जागा हुकली तेव्हा वाटलं नव्हतं इतकं तिला त्या रकान्याचं वाटलं. दोन दिवस ती रोलंडशीही नीट बोलली नाही.

एप्रिलच्या शेवटी एक अनोळखी नंबर आला. बोलणाऱ्याचं नाव प्रेस्कॉट डेलेनी. तिच्या जागी त्याची नेमणूक झाली होती. वकील होता, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रचारात त्याने ओहायो सांभाळलं होतं. आपल्याला या कामातलं फारसं कळत नाही, हे त्याने स्वतःहूनच सांगितलं. तिला तो बरा वाटला. तासभर बोलणं झालं. कुठल्या फायली आधी वाचायच्या, कोण खरं बोलतं आणि कोण गोड बोलतं, गस निवृत्त होण्याआधी त्याच्याबरोबर किती वेळा जेवायचं, हे तिने सगळं सांगितलं.

"मध्य आशियाचा दौरा आखतोय," शेवटी तो म्हणाला. "नारिनला जायचं मनात आहे. सिनेटच्या समितीचं काम ऑगस्टमध्ये बंद असतं, तेव्हा मोकळा असेन."

"ऑगस्टमध्ये गावात कुणी नसतं," आयडा म्हणाली. "सगळे वर असतात. मेमध्ये जा. नाही जमलं तर ऑगस्टमध्येच जा, पण मग घोड्यावर बसायची तयारी ठेवा आणि डोंगरावर जा."

"घोड्यावर?"

"बसलात का कधी?"

"नाही."

"मीही नाही. पण तुम्ही माझ्यापेक्षा तरुण आहात."

तो हसला. पलीकडे कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. त्याने आभार मानून फोन ठेवला. तो गेला की नाही हे तिला पुढे कधी कळलं नाही. रोलंडने गोठ्यातून हाक मारली, एक पहिलारू गाय अडली होती. आयडाने बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले आणि ती त्याच्या मदतीला गेली.